दोन चित्रकार, एक भिंत: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रदर्शन कसं बघावं यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली तीन इथे घेतेय. पहिलं उत्तर लांबलंय, प्रश्नच तसा आहे आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे. बाकीची दोन त्याच्याच पोटातली.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. माझी लेक फिलाडेल्फियाला असते, दिवाळीला आली तेव्हा तिकडच्या बार्न्स फाउंडेशनच्या २०२१ सालच्या एका प्रदर्शनाचं पुस्तक घेऊन आली. शाईम सुतीन आणि विलेम डी कूनिंग, दोघांची चित्रं शेजारी शेजारी. एक पॅरिसमध्ये १९४३ साली गेला, दुसरा अमेरिकेत १९९७ पर्यंत होता, आणि लेक म्हणते दोघं कधी भेटलेच नाहीत. मग त्यांना एकत्र का टांगायचं? आमचे हे म्हणतात एकाच्या नावावर दुसऱ्याला खपवायचं, दुसरं काही नाही. शिवाय त्यात सोललेल्या बैलाचं चित्र आहे, आमचं घर शाकाहारी, ते पान मी पटकन उलटते. पण खरं सांगते, परत तिथंच येते. असं का होतं?

उत्तर: बाई नमस्कार, शाळेत शिकवलंत म्हणून बाईच म्हणते. तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ तशीच बसले. पान पटकन उलटायचं आणि परत तिथंच यायचं, म्हंजे त्या चित्राने तुम्हाला धरलंय बाई, आता कशाने धरलंय तेवढं शोधायचं राहिलंय.

आधी तुमच्या यजमानांचं बघू. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. म्युझियमला तिकिटं विकायची असतात, मोठ्या नावाशेजारी कमी माहितीचं नाव लावलं की लोक येतात, हे होतं. पण मला त्याहून जास्त खटकते ती दुसऱ्या तऱ्हेची जोडी, जी दोघांच्या दुःखावरून लावलेली असते. हा इस्पितळात होता, तो पण होता, ह्याने कान कापून घेतला, त्याने किंकाळी रंगवली, झाली जोडी. कान कापून घेणारा व्हॅन गॉग आणि किंकाळी रंगवणारा मुंक यांचं मोठं प्रदर्शन २०१५ मध्ये आधी ओस्लोला आणि मग अ‍ॅमस्टरडॅमला झालं, आता त्या दोघांत बघण्यासारखं खरंच पुष्कळ आहे, दोघंही आपापल्या देशातून पॅरिसला आले आणि तिथली चित्रं बघून त्यांचा रंग उजळला, मोकळा झाला, फटकारे लांब झाले, पण लोकांच्या गप्पा ऐका, कान आणि किंकाळी याच्या पुढे गाडी सरकत नाही. जोडी लावायची तर रंगावरून लावावी, दुःखावरून नको. मी हे फार ठामपणे म्हणते कारण ही चूक मी स्वतः करून बसलेय.

बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतून बाहेर पडून दोनतीन वर्षं झाली होती, एका लहानशा गॅलरीत मला एक भिंत मिळाली, काय हवं ते लाव म्हणाले. मी दोन चित्रकार घेतले, एक जुना, एक त्यामानाने नवा, दोघंही लवकर पोरके झालेले, दोघांचंही आयुष्य आजारपणात गेलेलं, आणि मधे मी भलंमोठं लेबल लिहून लावलं, आईचं मरण, औषधं, एकटेपणा, सगळं त्यात. लोक यायचे, लेबल पूर्ण वाचायचे, हळहळायचे, चित्रांवरून नजर फिरवायचे आणि जायचे. एके दिवशी एक आजी नातवाबरोबर आल्या, त्यांनी नातवाकडून सगळं लेबल वाचून घेतलं, मग दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली आणि मला विचारलं, अगं दोघं बिचारे आजारी होते ते कळलं, पण ही शेजारी कशाला लावलीस? मला उत्तर देता येईना. संध्याकाळी गॅलरी बंद झाल्यावर मी लेबल काढून ठेवलं आणि नुसत्या चित्रांसमोर बसले, तेव्हा दिसलं की त्यांचं एकमेकांशी काही बोलणंच नाहीये, दोन अनोळखी माणसं एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली असतात तशी. दुसऱ्या दिवशी एक चित्र उतरवलं.

आता तुमच्या पुस्तकातले दोघं.

सुतीनचा जन्म १८९३ चा, मिन्स्कजवळच्या एका लहान गावातला, गरीब ज्यू कुटुंब, घरात भावंडांची रांग. १९१३ मध्ये पॅरिसला आला आणि बरीच वर्षं हालात काढली. मग १९२२ च्या शेवटाला अमेरिकेहून डॉ. अल्बर्ट बार्न्स पॅरिसला आले, डोळ्यात घालायचं एक जंतुनाशक औषध विकून श्रीमंत झालेला माणूस, आणि त्यांनी एका दुकानात सुतीनचं बेकरीतल्या पोऱ्याचं चित्र बघितलं, पांढरे कपडे आणि भलामोठा कान. बघितलं आणि मग सुतीनची पन्नासेक चित्रं एका झपाट्यात उचलली. त्यामुळे पॅरिसच्या या माणसाचा एवढा मोठा ठेवा फिलाडेल्फियाला जाऊन बसला.

डी कूनिंग १९०४ चा, रॉटरडॅमचा. तिथे चित्रकलेचं शिस्तशीर शिक्षण घेतलं, १९२६ मध्ये बोटीत लपून अमेरिकेला गेला, पोटासाठी घरं रंगवायची कामं केली. १९५० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सुतीनचं मोठं प्रदर्शन भरलं, म्हंजे सुतीनला जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्याच साली डी कूनिंगने त्याचं ते गाजलेलं बाईचं चित्र सुरू केलं, वुमन वन, जे पुरं व्हायला १९५२ उजाडलं. मधे एकदा वैतागून त्याने ते बाजूला टाकून दिलं होतं, मेयर शापिरो नावाच्या कला-इतिहासकाराने स्टुडिओत येऊन ते परत बाहेर काढायला लावलं. १९५२ मध्येच तो बायकोबरोबर बार्न्सच्या संग्रहात गेला. तिथे मातीस या फ्रेंच चित्रकाराची चित्रंही आहेत आणि सुतीनचीही. पुढे आठवण सांगताना तो म्हणाला की मातीसच्या चित्रांना त्यांचा स्वतःचा उजेड होता, पण सुतीनची चित्रं आतून पेटल्यासारखी होती, तो वेगळ्याच जातीचा उजेड. हे बोलणं एका चित्रकाराचं दुसऱ्याच्या रंगाबद्दल आहे, सुतीनच्या गरिबीबद्दल किंवा पोटाच्या अल्सरबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणून ही जोडी मला खरी वाटते. माणसं भेटली नाहीत पण एकाचा डोळा दुसऱ्याच्या रंगापाशी येऊन थांबला होता, त्याचं साल आणि जागा दोन्ही माहीत आहे. हेच प्रदर्शन नंतर पॅरिसच्या ऑरेंजरी म्युझियममध्ये गेलं, तिथेही सुतीनची बावीस चित्रं आहेत, म्हंजे दोन्हीकडे ते त्याच्या घरीच होतं म्हणा ना.

आता बैल. मी तुम्हाला एक सांगते, ते पान उघडा आणि पुस्तक अगदी नाकाजवळ आणा, बैल दिसेनासा होईपर्यंत. काय दिसतं? एक लाल जो खाली जाता जाता जांभळा होतो, त्याच्यावर चरबीचा पिवळसर पांढरा, तो ब्रशने ओढलेला नाही, टेकवून फिरवलेला आहे, आणि आजूबाजूला निळा, थंड निळा, ज्याच्यामुळे तो लाल आणखी तापतो. आपल्याकडे लाल काठाची साडी नेसताना निळं ब्लाउज घातलं की काठ कसा उठून दिसतो, तेच. पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये रेम्ब्रांटचं १६५५ चं चित्र आहे, सोलून टांगलेल्या बैलाचंच, सुतीनने ते किती वेळा बघितलं असेल देव जाणे, आणि १९२५ च्या सुमाराला त्याने खाटकाकडून सबंध बैल आणून स्टुडिओत टांगला. मांस सुकून काळं पडायला लागलं की त्याच्यावर बादलीने रक्त ओतायचा, रंग परत ताजा दिसावा म्हणून. वास सुटला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आरोग्यखात्याची माणसं आली. ही गोष्ट सगळे सांगतात आणि अंगावर काटा आणतात, पण मला त्यात दिसते ती त्या माणसाची रंगाबद्दलची निष्ठा, त्याला आठवणीतला लाल चालत नव्हता, समोरचा लाल पाहिजे होता. तुम्ही पान उलटता ते मांसामुळे, आणि परत येता ते त्या लालामुळे, असं मला वाटतं.

मग त्याच्या समोरच्या पानावरची डी कूनिंगची बाई बघा. मोठे डोळे, दात, आणि बाकी सगळं शरीर गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या फटकाऱ्यांत वितळलेलं, कुठे खांदा संपतो आणि कुठे मागची भिंत सुरू होते कळत नाही. त्याचं एक म्हणणं होतं की तेलरंग शोधला गेला तोच माणसाच्या अंगाचं मांस रंगवण्यासाठी. आणि तो तेलरंगात काय काय घालायचा माहितेय, पाणी, आणि करडईचं तेल. आपल्या आयांच्या स्वयंपाकघरातलं करडईचं तेल. जवसाच्या तेलापेक्षा ते सावकाश सुकतं, रंग बराच वेळ ओला आणि निसरडा राहतो, म्हणून काल मारलेला फटकारा आज परत ओढता येतो, खरवडता येतो, त्यात दुसरा मिसळता येतो. सुतीन जुने, वापरलेले कॅनव्हास विकत घ्यायचा, त्यांच्यावर रंगवायचा, आवडलं नाही की चाकूने फाडायचा. दोघांच्याही चित्रात रंग हा अंगावर घातलेल्या कपड्यासारखा नाहीये, रंग हेच अंग आहे. हे लेबलवर लिहायची गरज पडत नाही, दोन चित्रं हातभर अंतरावर लावली की आपोआप दिसतं.

आणि अजून एक होतं. लोकांना वाटतं जुन्यामुळे नवा कळतो, ते ठीकच आहे, पण नव्यामुळे जुना बदलतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डी कूनिंग बघून झाल्यावर सुतीनने रंगवलेल्या दक्षिण फ्रान्समधल्या सेरे गावच्या डोंगरांकडे, त्या वाकड्या घरांकडे परत या, आधी वाटलेलं असतं की ह्या माणसाला सरळ घर काढता येत नव्हतं किंवा मन थाऱ्यावर नव्हतं, आता दिसतं की तो सगळा कॅनव्हास एकाच जोरात ढवळत होता, घर, झाड, आभाळ सगळं एका हाताच्या फिरक्यात. चांगल्या जोडीची माझी परीक्षा एवढीच, दुसरं बघून पहिल्याकडे परत यावंसं वाटलं पाहिजे.

बार्न्सबद्दल एक सांगायचं राहिलं, ते तुमच्या लेकीला नक्की विचारा. तिथल्या भिंतींवर त्यांनी चित्रं सालवारीने लावलीच नाहीत. एखादं जुनं धार्मिक चित्र, शेजारी फ्रेंच चित्रकार रेन्वारचं, आणि मधल्या मोकळ्या जागेत लोखंडी बिजागऱ्या, कुलपांचे पत्रे, कडीकोयंडे, म्हंजे आपल्या वाड्यांच्या दारांना असायचे तसले. बिजागरीचा बाक आणि चित्रातल्या हाताचा बाक एक, म्हणून शेजारी. २०१२ मध्ये संग्रह गावाबाहेरून फिलाडेल्फिया शहरातल्या नव्या इमारतीत आणला, तरी भिंती होत्या तशाच लावल्या. मी पहिल्यांदा त्या भिंतींचे फोटो बघितले तेव्हा मला आपल्या रावपुऱ्याकडच्या तांबेकर वाड्याची आठवण झाली, तिथे एकाच भिंतीवर पुराणातल्या कथा, मराठी बायका आणि गोरे साहेब एकमेकांना खेटून रंगवलेत, कोणाला त्यात अडचण वाटली नाही. तुम्ही इतक्या जवळ राहता, पुस्तक चाळून झालं की एकदा जाऊन या, वरच्या मजल्यावरच्या भिंतींसाठी सकाळचा उजेड चांगला.

प्रश्न: मॅडम, मी इंदूरचा, रामबागेत राहतो, हौस म्हणून वॉटरकलर करतो. जोडीच लावायची तर आमच्या देवळालीकर मास्तरांची आणि त्यांचे विद्यार्थी बेंद्रे यांची का लावत नाहीत? आणि तुम्हाला बडोद्यात एक भिंत दिली तर तुम्ही कोणाला लावाल, हे जरा स्पष्ट सांगा.

उत्तर: दादा, गुरुशिष्यांची जोडी जरूर लावावी, आणि इंदूरने लावावीच, दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले, एका गावातल्या एका मास्तरांकडून एवढं निघालं ही लहान गोष्ट नाही. तेच बेंद्रे १९५० मध्ये आमच्या फॅकल्टीत आले आणि इथल्या कितीतरी पिढ्यांचा हात त्यांनी घडवला, म्हंजे इंदूरचं पाणी बडोद्यात असं आलंय. पण गुरुशिष्य शेजारी लावले की बघणारा एकच गोष्ट शोधतो, काय घेतलं आणि काय सोडलं. ते आदराचं प्रदर्शन होतं, ते वेगळं, त्याची जागा वेगळी. मला जी जोडी म्हणायचीय त्यात दोघं एकमेकांचे कोणी लागत नाहीत आणि तरी रंग बोलतो.

बडोद्यात भिंत दिली तर माझं उत्तर ठरलेलं आहे, कितीतरी वर्षं डोक्यात आहे. रवींद्रनाथ टागोर आणि जेराम पटेल.

दचकू नका. रवींद्रनाथांचं चित्र सुरू झालं ते वहीतल्या खाडाखोडीतून. १९२४ च्या सुमाराच्या कवितांच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते नुसते सोडून द्यायचे नाहीत, त्या गिचमिडीला रेषेने जोडत जायचे, आणि जोडता जोडता त्यातून चोच निघायची, पंजा निघायचा, कोणता प्राणी म्हणावा कळत नाही असं काहीतरी निघायचं. साठी उलटल्यावर हे सुरू झालं आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. जेराम पटेल १९३० चेच, गुजरातचे, मुंबईला जेजे कलाशाळेत आणि मग लंडनला शिकले, इथे फॅकल्टीत शिकवलं, २०१६ मध्ये गेले. साठच्या दशकात त्यांनी प्लायवूडवर ब्लोटॉर्च चालवला, लाकूड जाळून, कोळसा करून, त्या जळक्या खड्ड्यांतून चित्र काढलं. आणि त्यांची काळ्या शाईची चित्रं, पांढऱ्या कागदावर मधोमध एक काळा गोळा, हाड म्हणा, आतडं म्हणा, बी म्हणा, कडेला केसांसारख्या बारीक रेषा सुटलेल्या.

दोघांच्यात काळा रंग हा सावलीसाठी नाहीये. तो आधी येतो आणि मग त्यातून जीव बाहेर येतो. एकाने शब्द खोडून काळं केलं, एकाने लाकूड जाळून काळं केलं, आणि दोघांनाही त्या काळ्यात कोणीतरी बसलेलं दिसलं. रवींद्रनाथ बंगालचे महाकवी आणि जेरामभाई कमी बोलणारे गुजराती गृहस्थ, आयुष्यावरून यांची जोडी लावायला गेलात तर पाच मिनिटंही टिकणार नाही, पण शाईवरून बघा.

कसं लावायचं तेही सांगते, कारण तुम्ही स्वतः कागदावर काम करता. कागदावरच्या चित्रांना पन्नास लक्सच्या (लक्स म्हंजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, शाई आणि कागद दोन्ही उजेडाने कायमचे उतरतात, तेलरंगाला दोनशेपर्यंत चालतो. म्हंजे खोली अंधुक होणार, आणि मला ती अंधुकच पाहिजे. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, दोघांचाही एकाच रेषेत, रवींद्रनाथांना मोठं नाव म्हणून वर चढवायचं नाही. जळकं लाकूड त्या भिंतीवर नको, काटकोनातल्या भिंतीवर, म्हंजे वळल्यावर अचानक दिसेल. लेबलं चित्राच्या शेजारी लावायची नाहीत, दाराजवळ एकत्र. रवींद्रनाथांची चित्रं १९७२ च्या कायद्याखाली राष्ट्रीय कलाठेव्यात मोडतात, देशाबाहेर विकता येत नाहीत, आणि कोणत्याही म्युझियमकडून ती मागून आणायची म्हणजे पेटी, विमा, प्रत्येक चित्राची आधी नंतरची तपासणी, भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत त्याच खिळ्यावर जाईपर्यंतची जबाबदारी, खर्चाचं काम आहे. पण अशक्य नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी विलायतेतून चित्रं गोळा करून कमाटी बागेत पिक्चर गॅलरी बांधली, इमारत १९१४ मध्ये तयार आणि महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली, गॅलरी उघडली १९२१ मध्ये. सात वर्षं रिकाम्या भिंती ठेवून वाट बघितलेलं गाव आहे हे.

प्रश्न: नमस्कार, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, मुलांना घेऊन दिल्लीला एक प्रदर्शन बघायला गेलो होतो, दोन चित्रकारांचं एकत्र. पोरं दहा मिनिटांत कंटाळली, मलाही काय बघायचं सुचेना. घरी आल्यावर वाईट वाटलं. अशा वेळी काय करावं?

उत्तर: वाईट वाटून घेऊ नका, आणि पुढच्या वेळी सगळं प्रदर्शन बघायचंच नाही असं ठरवून जा. तुम्ही ग्वाल्हेरचे, तुम्हाला गाण्यावरून सांगते. घरात दोन पिढ्यांच्या दोन गवयांचा एकच यमन लागोपाठ ऐकताना आपण काय करतो, दोघांची चरित्रं आठवत बसत नाही, हा गंधारावर किती वेळ थांबला आणि तो किती वेळ थांबला, एवढंच कान टिपतो. तसंच डोळ्याचं करायचं.

फक्त एक जोडी निवडा. मुलांनाच निवडू द्या, त्यांचा डोळा आपल्यापेक्षा मोकळा असतो. लेबल वाचू नका, नावं सांगू नका. एकाला पहिल्या चित्रासमोर उभं करा, दुसऱ्याला दुसऱ्यासमोर, दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची आणि आपल्या चित्रात रंग कुठे जाड आहे, कुठे पातळ, ब्रश कुठून कुठे गेला, हात जोरात फिरला की हळू, हे मोठ्याने सांगायचं, म्हंजे गार्ड ओरडणार नाही इतपत मोठ्याने. मग जागा बदलायच्या. माझ्या भाचीला मी हे करायला लावलं होतं, आठ वर्षांची होती, तिने हवेत बोट फिरवून त्या चित्रकाराचा फटकारा काढून दाखवला आणि म्हणाली, मावशी, ह्याचा हात दुखला असणार. मी त्या चित्राबद्दल पुस्तकात वाचलेलं सगळं त्या एका वाक्यापुढे फिकं होतं.

बोट हवेतच फिरवायला सांगा हं, कॅनव्हासपासून चांगलं हातभर लांब, घाम आणि तेल लागलेलं बोट रंगाला लागलं की ते नंतर काढता काढता दुरुस्ती करणाऱ्यांचे महिने जातात. आणि दहा मिनिटांनी कंटाळली तर बाहेर न्या, खायला घाला, आणि जमलं तर त्याच जोडीसमोर परत एकदा आणा, बाकीच्या खोल्या राहू देत.